चौथी काडी

काकूंनी पिशवीतून पालकाची जुडी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “यातली दोन पानं तुमच्यासमोर कच्ची चावून खाऊ का? म्हणजे तरी विश्वास बसेल?”

“खाऊ नका,” चिमटी म्हणाली. “तुमच्यावर विश्वास आहेच. पण शिसं म्हणजे काही मिरची नव्हे, जिभेला लागली की झोंबायला. बसा. पाणी घ्या आणि पहिल्यापासून सांगा.”

पाणी आणायला हॅलोबाई आधीच उठल्या होत्या. पाणी आणणं, दार उघडणं आणि ऐकणं ही त्यांच्याकडची कामं. चिमटीने तीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर ती घरच्या पुढच्या खोलीत बसून लोकांच्या खाजगी चौकशा करू लागली. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला एक पितळी चिमटा तिच्या खिशात असे. “परत करायचा राहून गेला,” असं ती गेली अठ्ठावन्न वर्षं म्हणत होती. नाव पडलं ते त्यावरूनच.

हॅलोबाई तिची शाळेपासूनची मैत्रीण. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी परक्यांची बोलणी जोडून दिली होती. ऐकलेलं वाक्य त्या चार दिवसांनीही जसंच्या तसं म्हणून दाखवत. अर्थ मात्र त्यांना बहुधा पाचव्या दिवशी लागे. “माझं काम लाइन जोडायचं,” त्या म्हणत. “अर्थ लावायला तू आहेस ना!”

काकू घोटभर पाणी प्यायल्या आणि सांगू लागल्या. दीड एकराचा भाजीचा मळा, एकेचाळीस वर्षं कसलेला. नवरा गेल्यानंतरची अकरा वर्षं एकटीने. भाजी संघामार्फत गेली चार वर्षं त्यांचा पालक आणि गाजरं मुलांच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जात होती. यंदा संघाने सगळ्यांच्या जमिनी तपासायला घेतल्या.

“एक यंत्र आहे, बंदुकीसारखं. मातीला टेकवायचं, घोडा दाबायचा, की मिनिटभरात आकडे दिसतात. बारा दिवसांपूर्वी, गुरुवारी, माझ्याकडे पाच ठिकाणी मोजलं. चार ठिकाणी शिसं निघालं.” त्यांनी घडी घातलेला कागद पुढे सरकवला. “येत्या शनिवारपर्यंत उभं पीक उपटायचं आणि मळा तीन वर्षं बंद. मी अडुसष्टची आहे, बाई. तीन वर्षांनी मला वाकता तरी येईल का?”

“म्हणजे मळा वाचवायचाय.”

“मळा गेला तर गेला.” काकूंचा आवाज पहिल्यांदाच हलला. “त्या दवाखान्यातल्या पोरांच्या ताटात मी चार वर्षं विष वाढलं का, तेवढं मला सांगा. मला झोप नाही.”

चिमटीने कागद उलगडला. एक, दोन, तीन आणि पाच या क्रमांकांपुढे दहा लाख भागांत चौदाशे, साडेअकराशे, सोळाशे, तेराशे भाग शिसं. संघाची मर्यादा तीनशेची. चौथ्यापुढे मात्र बावीस.

“आज मंगळवार,” ती म्हणाली. “हॅलो, छत्री घे. ऊन आहे.”

*

मळा नजरेला सुख देणारा होता. वाफे दोरीने आखल्यासारखे सरळ. पूर्वेला तारेचं कुंपण, पलीकडे बॅटऱ्या दुरुस्तीची पत्र्याची शेड. उत्तरेला काकूंचं बुटकं घर, खिडक्यांना ताजा पांढरा रंग.

यंत्र घेऊन आलेला तरुण बांधावर उभा होता. वस्तीत त्याला सगळे मापाडी म्हणत. पूर्वीचा मापाडी धान्य मापायचा, हा माती मापतो, एवढाच काय तो फरक.

“यंत्र चुकलं असेल, असं आधी म्हणून घ्या,” तो हसून म्हणाला. “सगळेच म्हणतात.”

“चुकलंय का?”

“रोज सकाळी मी ह्या वडीवर तपासतो.” त्याने खिशातून बिस्किटाएवढी एक गोल वडी काढली. “हिच्यात शिसं किती ते आधीपासून ठाऊक असतं. त्या दिवशी आकडा बरोबर आला होता. आणि माती ओली असली तर शिसं कमी दिसतं, जास्त नाही.”

“किती खोलवर दिसतं?”

“वरचे दोन-तीन मिलिमीटर. म्हणून आधी वरचा पालापाचोळा काढतो, बोटभर माती कालवतो, मग टेकवतो.”

“आज इथे वीतभर खोल जाऊन बघाल?”

मापाड्याने पहिल्या काडीपाशी खुरप्याने खणलं. मोजायच्या जागा दाखवणाऱ्या काड्या त्या दिवसापासून तशाच उभ्या होत्या. टोकाला लाल चिंधी आणि क्रमांक. वरच्या मातीत चौदाशे, खाली अठरा. काडीपासून चार पावलं दूर वर बघितलं, तिथे वीस. बाकीच्या तीन काड्यांपाशीही तोच प्रकार.

“म्हणजे फक्त काडीपाशी,” हॅलोबाई म्हणाल्या. “वरच्यावर. जसं काही कुणी मीठ भुरभुरवलंय.”

“अगदी तसंच,” चिमटी म्हणाली. “हे मोजलेल्या दिवशी का नाही दिसलं?”

मापाडी ओशाळला. “पाच जागा, एक आकडा, पुढचा मळा. असा नियम आहे. पाचांत तीन नापास म्हणजे मळा नापास. एका दिवसात चार मळे करायचे होते.”

“त्या दिवसाचा क्रम सांगा.”

“सकाळी नऊला इथे काड्या रोवल्या. मग कालव्यापलीकडच्या तीन मळ्यांवर गेलो. ते आटपून चारला इथे मोजायला परत आलो. प्रत्येक आकड्यावर यंत्रच वेळ टाकतं, हे बघा, साडेनऊपासून तीनपर्यंत मी तिकडेच आहे.”

“काड्या रोवताना कोण होतं?”

“काकू भाजी पोचवायला निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा घरी होता. त्याने चहा दिला, चार प्रश्न विचारले, किती खोल मोजतं, कसं मोजतं. सगळेच विचारतात. तो खिडक्या घासत होता, धूळ ही एवढी! मीच म्हटलं, दादा, तोंडाला फडकं बांधून काम करा. शेडवाले कुंपणापाशी होते. त्यांनी फक्त हात केला.”

चिमटी पडद्यावरचे आकडे वाचत होती. “शिशाच्या खाली हे काय? क्रोमियम?”

“हो, तेही वाढलेलं आहे. पहिल्या ठिकाणी साडेतीनशेच्या पुढे, तिसऱ्या ठिकाणी चारशेच्या पुढे. क्रोमियम कातडी कमावण्याच्या कारखान्यातून येतं. पण असा कारखाना इथे नाही, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.”

“शिशाच्या पावपट,” चिमटी पुटपुटली. “दोन्ही ठिकाणी पावपटच.” मग मोठ्याने म्हणाली, “पालकाची पानं आणि मुळं धुऊन, वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. पानातलं थोडकं शिसं तुमच्या बंदुकीला दिसणार नाही, खरं ना?”

“खरं,” मापाडी म्हणाला. या आजीबाईंना हे ठाऊक असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

*

शेडवाल्याने त्यांना खुर्च्या दिल्या, पुसून. हात काळे, बोलणं मोकळं.

“संशय माझ्यावर येणारच,” तो म्हणाला. “शिसं म्हटलं की बॅटरी, आणि बॅटरी म्हटलं की मी. मोजा की माझी जमीन! लपवायला काय आहे?”

मापाड्याने शेडच्या दारात मोजलं. शिसं भरपूर निघालं, आणि सोबत अँटिमनी नावाचा आणखी एक धातू. क्रोमियम मात्र जेमतेम.

“हे अँटिमनी काकूंच्या मातीत होतं?” चिमटीने विचारलं.

“नाही.”

शेडवाल्याने सुस्कारा सोडला. “त्या बाई आमच्या घरच्यासारख्या आहेत. तपासणीच्या आधीच्या सोमवारी त्यांनी नि माझ्या बायकोने मिळून गाजराचा वाफा पेरला. बी आमच्याकडचंच. दोरी मी धरली होती. कंबर अजून बोलतेय.”

“गुरुवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. कुठे जाणार? साक्षीला बॅटऱ्या.”

बांधावरून परतताना हॅलोबाई म्हणाल्या, “मला हा माणूस आवडला.”

“तुला फोनवरचे चोरही आवडायचे.”

“आवाज चांगला असला तर आवडायचे. त्यात काय?”

संघाच्या कचेरीत चिटणीस भेटले. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद नाही.

“नियम म्हणजे नियम,” त्यांनी सुरुवातच तिथून केली. “मला काय आनंद होतोय? बी-बियाण्याच्या दुकानात वीस वर्षं काढलीत मी, मळा काय असतो ते मला कळतं.”

“काकूंचा मळा बंद झाला तर दवाखान्याला भाजी कोण देणार?”

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. “यादीत पुढचं नाव आहे त्यांना.”

“ते कोण?”

“माझे मेहुणे.” मग घाईने, “पण त्या गुरुवारी नऊपासून एकपर्यंत मी दवाखान्यात बैठकीला होतो. दहा माणसं साक्षीला आहेत. मळ्यावर मी तीनला पोचलो, मापाड्याच्या आधी. हवं तर विचारा कुणालाही.”

“म्हणजे तीन ते चार तुम्ही मळ्यावर एकटे होतात,” हॅलोबाई सहज म्हणाल्या.

चिटणिसांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर हॅलोबाईंनी मैत्रिणीचा दंड धरला. “अगं, हाच! मेहुण्यासाठी माणूस काय काय करतो!”

“शक्य आहे,” चिमटी म्हणाली. “जेवून घेऊ.”

*

दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचा एक फोटो हॅलोबाईंच्या नजरेत भरला. तरणाबांड नवरा, खांद्यावर तीन-चार वर्षांचा मुलगा, मागे घराची खिडकी. खिडकी पिवळीधमक, सूर्यफुलासारखी.

“किती दिवसांनी पाहिला हा पिवळा!” त्या म्हणाल्या. “आपल्या शाळेची घसरगुंडी अशीच होती, नाही गं? पोपडे नखाने काढत बसायचो.”

“यांना तोच रंग प्रिय,” काकू म्हणाल्या. “खिडक्या, बाकडं, पाळणा, सगळं पिवळं. गेले तेव्हापासून मी हात लावला नव्हता. आता हा रजा काढून आलाय नि खिडक्या घासून पांढऱ्या केल्या. म्हटलं, कर बाबा. त्याचं मन थाऱ्यावर नाही. गेल्या थंडीत मी मळ्यात पाय मुरगळून पडले, तर दोन तास कुणाला कळलंच नाही. तेव्हापासून रोज एकच जप, शहरात चल, शहरात चल.”

मुलगा शेवटच्या खिडकीवर ब्रश फिरवत होता. चाळिशीचा, शांत, नखांत पांढरा रंग. शिडीवरून उतरून त्याने दोघींना नमस्कार केला.

“गुरुवारी तुम्ही काय केलंत?” चिमटीने विचारलं.

“बारापर्यंत इथेच. आई बाराला आली नि मी लगेच स्टेशनवर गेलो, बायकोला आणि मुलीला आणायला. गाडी उशिरा आली. आम्ही सहाला घरी पोचलो. त्या दोघी आता माघारी गेल्यात, रविवारी पुन्हा येतील.”

“आईच्या मळ्याबद्दल काय वाटतं?”

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “वाईट वाटतं. मी तो तक्ता वाचलासुद्धा नाही, बघवला नाही. पण पाचही ठिकाणी एवढं शिसं म्हटल्यावर हट्ट धरून काय उपयोग? तिने आता विश्रांती घ्यावी. माझ्याकडे तिच्यासाठी खोली तयार आहे, गच्चीत कुंड्याही आणून ठेवल्यात.”

“कुंड्या,” काकू आतून म्हणाल्या, “मेल्यावर माझ्या अस्थी ठेवायला वापर.”

मुलगा हसला नाही.

संध्याकाळच्या आत चिमटीला आणखी एक काम करायचं होतं. “हॅलो, पहिल्या काडीपासून चालत जा. पावलं मोज. सारखी टाक.”

“या वयात कवायत!” असं म्हणत हॅलोबाई निघाल्या. पहिली ते दुसरी, वीस. दुसरी ते तिसरी, वीस. तिसरी ते चौथी, चौदा. चौथी ते पाचवी, सव्वीस.

“मापाडी दमला असेल,” त्या घाम पुसत म्हणाल्या.

“चौदा आणि सव्वीस किती?”

“चाळीस. पण त्याचं काय?”

चिमटी तिसऱ्या काडीपासून मोजून विसाव्या पावलाला जाऊन थांबली. तिथे गाजराचा वाफा होता. दोऱ्यासारखी नाजूक हिरवी रोपं ओळीने उगवली होती आणि मधोमध ताटाएवढं टक्कल होतं, शालीला कसर लागावी तसं. तिने मापाड्याला हाक मारली. टकलावर यंत्राने बाराशे दाखवलं, सोबत क्रोमियम तीनशेच्या वर. चिमटीने वाकून चिमट्याने मातीतून काहीतरी उचललं आणि कागदाच्या पुडीत बांधलं.

“काकू, ही काडी तुम्ही हलवलीत?”

“काडी नाही हो, खोडी! तीनच दिवस झाले होते पेरून. पेरलेल्या वाफ्यात कुणी काही रोवतं का? सहा पावलं अलीकडे घेतली.”

“सकाळी तर म्हणालात, काड्यांना कुणी हात लावला नाही.”

“कुणी म्हणजे परक्याने! मी माझ्या मळ्यात कुणी आहे का?”

“कधी हलवलीत?”

“भाजी पोचवून आले, चपला काढल्या, नि गिरणीचा बाराचा भोंगा झाला. तेव्हा.”

“माती उकरलेली दिसली नाही?”

“दिसली. मला वाटलं, मापाड्यानेच काडी रोवताना उकरली. हाताने सारखी केली.”

चिमटीने मान हलवली. तिचा चेहरा उजळायला हवा होता, असं हॅलोबाईंना वाटलं. पण तो उतरलाच होता.

*

शुक्रवारी दुपारी सगळे काकूंच्या स्वयंपाकघरात जमले. चिटणीस दाराशी, शेडवाला ओट्याला टेकून, मुलगा खिडकीत, मापाडी यंत्राची पेटी मांडीवर घेऊन.

“काकू,” चिमटी म्हणाली, “हे तुम्हाला एकटीला सांगू का?”

“मळ्याला डाग चारचौघांत लागला,” काकू म्हणाल्या. “पुसायचाही चारचौघांतच.”

“ठीक आहे. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पानांचा अहवाल आलाय. पालक स्वच्छ, मुळं स्वच्छ, खालची माती स्वच्छ. चार वर्षांत दवाखान्यातल्या एकाही मुलाला तुमच्या भाजीतून शिसं गेलेलं नाही.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनीच हाताने पुढे बोलण्याची खूण केली.

“शिसं मातीत नव्हतं, मातीवर आणून घातलं होतं. फक्त काड्यांपाशी. म्हणजे घालणाऱ्याला काड्या दिसत होत्या. काड्या नऊला रोवल्या, चारला मोजल्या. मधले सात तास उरतात. ते मला काकूंच्या सवयीने कमी करून दिले. चौथी काडी त्यांनी बाराला हलवली. शिसं सापडलं ते काडीच्या जुन्या जागेवर. नव्या जागेवर बावीस, म्हणजे काहीच नाही. तेव्हा शिसं बाराच्या आधीच पडलं होतं.”

“म्हणजे मी नाही!” चिटणीस म्हणाले.

“तुम्ही नाही. एकपर्यंत तुम्ही दवाखान्यात. तुमच्या मेहुण्यांचा प्रश्न संघाने वेगळा बघावा. मापाडीही नाही, यंत्रावरच्या वेळा त्याच्या बाजूने बोलतात. बाराच्या आधी मळ्याजवळ उरली दोन माणसं.”

शेडवाला ओट्यापासून सरळ उभा राहिला.

“बसा हो,” चिमटी म्हणाली. “तुमच्या शेडमधल्या शिशासोबत अँटिमनी आहे, मळ्यातल्या शिशासोबत नाही. आणि दुसरं. तो वाफा पेरताना दोरी तुम्ही धरली होती. त्यात बी आहे हे माहीत असलेला माणूस तिथे पाय ठेवून माती उकरणार नाही, शत्रूच्या मळ्यातही नाही. गाजराचं बी उगवायला दहा-बारा दिवस घेतं. गुरुवारी तो वाफा नुसती मोकळी माती दिसत होता. जो तिथे गेला, त्याला मळ्यात काय पेरलंय हे ठाऊक नव्हतं.”

हॅलोबाईंना अजून काही समजलं नव्हतं. चिमटी त्यांच्याकडे वळली.

“हॅलो, मंगळवारी शिडीपाशी काय ऐकलंस? शब्द न् शब्द.”

हॅलोबाईंनी डोळे मिटले. एक्स्चेंजमध्ये मिटायच्या तसे. “‘मी तो तक्ता वाचलासुद्धा नाही, बघवला नाही. पण पाचही ठिकाणी एवढं शिसं म्हटल्यावर हट्ट धरून काय उपयोग?’”

म्हणून संपलं आणि मग त्यांनी डोळे उघडले. “अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “पाचही?”

“काकू म्हणाल्या चार. कागद म्हणतो चार. पाच फक्त एकाच माणसाला ठाऊक होते, कारण त्याने पाच ठिकाणी घातलं होतं.” चिमटीने खिशातून पुडी काढून उघडली. कागदावर नखाएवढा पिवळा पोपडा होता. “टकलावर मिळाला. मापाडीबुवा, त्या खिडकीची बिजागरी बघा. ब्रश पोचला नाही तिथे जुना रंग राहिलाय. समोर कुणी हात धरू नका.”

मुलगा खिडकीतून बाजूला झाला. यंत्र टेकलं, घोडा दाबला गेला. मिनिटभराने पडद्यावर आकडे उमटले.

“शिसं आणि क्रोमियम,” मापाडी म्हणाला. “दोन्ही प्रचंड. आणि क्रोमियम शिशाच्या पावपट.”

“आमच्या लहानपणी तो चकचकीत पिवळा ह्या दोन्हींपासूनच करत. घसरगुंड्या, फाटकं, पाळणे, सगळ्यांना तोच. नखाने पोपडे काढणाऱ्या आम्हाला ते कुणी सांगितलं नाही.” चिमटी मुलाकडे वळली. “तुम्हाला मात्र सांगितलं गेलं. तोंडाला फडकं बांधा, असं मापाडी तुम्हाला नुसत्या धुळीसाठी म्हणाला नव्हता, खरं ना?”

मापाड्याने कपाळाला हात लावला. “मीच म्हटलं, जुन्या रंगात शिसं असतं, दादा, जपा. देवा! भल्यासाठी सांगितलं नि...”

मुलाने नाकारलं नाही. तो आईकडेच बघत होता.

“दोन तास, आई,” तो म्हणाला. “दोन तास तू चिखलात पडून होतीस आणि मी तिकडे मीटिंगमध्ये बसलो होतो. तू ऐकत नाहीस. मला वाटलं, मळाच बंद झाला तर निदान...”

“मला विचारलं असतंस.”

“नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते.” काकूंचा आवाज कोरडा होता. “आणि म्हणून मला पंधरा रात्री वाटू दिलंस की मी पोरांना विष घातलं?”

एवढा मोठा माणूस, पण खांद्यावरच्या त्या तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा हॅलोबाईंना त्याच्यात अचानक दिसला, आणि त्यांनी मान फिरवली.

“उरलेली पूड कुठे आहे?” चिमटीने विचारलं. “रविवारी तुमची मुलगी येणार आहे.”

तो दचकला. “मागच्या पडवीत. डब्यात. झाकण... झाकण नाही.”

“मापाडीबुवांना दाखवा. हात लावू नका, ते भरतील. पडवी ओल्या फडक्याने पुसायची, झाडायची नाही.”

तो निघाला. दारात काकूंनी त्याला थांबवलं.

“तिथून कुदळ घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “पाचही ठिकाणची माती वीतभर काढायची. पोत्यात भरायची. हे मोजतील आणि बास म्हणतील, तोवर खणायचं. आणि चौथ्याला जपून. आजूबाजूला माझी गाजरं आहेत.”

“आई...”

“नंतर. आधी कुदळ.”

चिटणिसांनी नोटीस खिशात घातली आणि ते कधी गेले, कुणाला कळलं नाही.

*

तिसऱ्या आठवड्यात नवा अहवाल आला. पाचही ठिकाणी वीस-बावीस. मळा पास. काकूंनी स्वतः येऊन पालकाची जुडी टेबलावर ठेवली.

“बोलता का त्याच्याशी?” हॅलोबाईंनी विचारलं. चिमटीने डोळे वटारले, पण प्रश्न सुटला होता.

“लगेच कसं बोलणार? आठ दिवस नाही बोलले. मग म्हटलं, माझं पडणं काही खोटं नव्हतं. त्याला सांगितलं, कुंड्या विकून टाक. रोज बाराच्या भोंग्याला मला फोन करायचा. मी उचलला नाही तर शेडवाल्यांना करायचा, ते कुंपणावरून उडी मारून येतील. त्यांचा नंबर दिलाय.”

“करतो?”

“एक दिवस चुकला नाही.”

बोलता बोलता लांबून गिरणीचा भोंगा ऐकू आला. काकूंच्या पिशवीत फोन वाजला. हॅलोबाईंचा हात सवयीने पुढे झाला. काकूंनी फोन बाहेर काढला, पडद्याकडे बघितलं आणि तो मांडीवर ठेवून दिला.

“उचला की!” हॅलोबाई म्हणाल्या.

“थांबा हो. तीन वेळा वाजू दे,” काकू म्हणाल्या. “लगेच उचलला तर त्याला वाटेल, वाट बघत बसले होते.”